लाळेच्या नमुन्याचे पुढे काय होते?

छोट्या नळीत लाळ भरून पाठवायची आणि आपले पूर्वज कोण, कोणत्या आजाराचा धोका आहे, याचा अहवाल घरबसल्या मिळवायचा. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ ही कंपनी याच सेवेमुळे नावारूपाला आली. चाचणीच्या किटपेक्षा मोलाची ठरली ती तिच्याकडे साठत गेलेली माहिती. २०१८ मध्ये ‘ग्लॅक्सोस्मिथक्लाइन’ या औषध कंपनीने तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले आणि औषध संशोधनासाठी ही माहिती वापरण्याचा करार केला.

संशोधनासाठी ग्राहकांची संमती घेतली जात होती आणि नावेही वगळली जात होती. पण डीएनए हीच माणसाची ओळख असल्याने नाव वगळण्याला मर्यादित अर्थ उरतो. शिवाय ही माहिती एकट्याची नसते. सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए समान असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावाने नमुना दिला, की पुण्यातल्या बहिणीबद्दलही बरेच काही कळू शकते. तिला मात्र कोणी विचारलेले नसते. या व्यवहारातला सर्वांत गंभीर अन्याय हाच आहे.

हा अन्याय २०२३ मध्ये उघड दिसला. हल्लेखोरांनी इतरत्र चोरलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली आणि नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती मिळवली. अश्केनाझी ज्यू आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या याद्या इंटरनेटवर विक्रीला आल्या. वंशावरून माणसे हेरून काढणाऱ्यांच्या हाती अशी यादी पडणे किती धोक्याचे, हे ज्यू समाजाला वेगळे सांगावे लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती कंपनीच्या मालमत्तेसोबत विक्रीला निघाली. याविरोधात अमेरिकेतील सत्तावीस राज्यांनी न्यायालयात धाव घेतली. अखेर सहसंस्थापक ॲन वॉजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला हा व्यवसाय घेतला.

कायद्याचे संरक्षणही अपुरे आहे. अमेरिकेतील २००८ चा कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकीय भेदभावाला मनाई करतो. आयुर्विमा त्यात येत नाही. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात तर जनुकीय माहितीसाठी वेगळा वर्गच नाही.

ज्यांनी नमुना दिला आहे त्यांनी खात्यात जाऊन माहिती पुसून टाकावी आणि जपून ठेवलेला नमुना नष्ट करायला सांगावे. संशोधनात आधीच वापरली गेलेली माहिती मात्र परत घेता येत नाही.