ब्लूग्रास प्रदेशातील अश्वपैदास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्याच्या मध्यभागी, लेक्सिंग्टन शहराच्या परिसरात चालणारा, शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा पैदास-व्यवसाय. येथील जमीन चुनखडकापासून बनलेली असून तीत कॅल्शियम व फॉस्फरस विपुल आहेत. तीवरील गवताने शिंगरांची हाडे बळकट होतात, अशी येथील लोकांची दृढ समजूत आहे; लेक्सिंग्टन स्वतःस ‘जगाची अश्वराजधानी’ म्हणविते. १८५० मध्ये येथे जन्मलेला लेक्सिंग्टन नावाचाच घोडा प्रजनक म्हणून १६ वेळा देशात अग्रस्थानी होता. थरोब्रेडच्या नोंदणीस कृत्रिम रेतन ग्राह्य नसल्याने घोड्या नराकडे न्याव्या लागतात. त्यामुळे नामांकित नर जेथे, तेथेच हा व्यवसाय केंद्रित होतो.

या परंपरेचे श्रेय केवळ मातीचे नाही. तिचा पाया गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय मोतद्दार, शिक्षक व जॉकी यांनी घातला. लुइव्हिल येथे १७ मे १८७५ रोजी झालेल्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. विजेत्या ॲरिस्टायडीझचा जॉकी ऑलिव्हर ल्यूइस हा त्यांपैकीच एक. त्याचा शिक्षक ॲन्सेल विल्यमसन जन्माने गुलाम होता. आयझाक मर्फीने ही शर्यत १८८४, १८९० व १८९१ मध्ये जिंकली. पुढे वर्णद्वेषामुळे कृष्णवर्णीय जॉकी शर्यतींतून जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रादेशिक अभिमानाच्या कथनातूनही वगळले गेले. मर्फीला राष्ट्रीय सन्मान मिळाला तो १९५५ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी.