घरी पोचलेली आणि पोटात न गेलेली गोळी

पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्यांना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग म्हणते, त्यांतलाच हा एक. तो सहसा जीव घेत नाही. परंतु सुजून जड झालेला पाय आणि पुरुषांच्या वाट्यास येणारी अंडवृद्धी माणसाला कामातून आणि चारचौघांतून उठवते. या रोगाचा बंदोबस्त व्हावा म्हणून सरकारने २००४ सालापासून देशभर अशी तजवीज केली की, रोगग्रस्त जिल्ह्यांतील प्रत्येकाने, रोगी असो वा निरोगी, वर्षातून एकदा गोळ्या घ्याव्यात. वगळायचे ते दोन वर्षांखालील मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि गंभीर आजाऱ्यांना. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही त्यांतली मुख्य औषधे; काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरेही देतात.

निरोग्याला औषध देण्याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. क्युलेक्स डासाच्या दंशातून शिरलेले जंतू लसिकावाहिन्यांत वाढून तेथे कित्येक वर्षे वास्तव्य करतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या प्रहरी रक्तात संचार करतात. म्हणूनच रक्ताचे नमुने रात्री घ्यावे लागतात. पाय सुजण्यापूर्वीच्या त्या प्रदीर्घ काळात धडधाकट दिसणारा मनुष्यही डासांकरवी शेजाऱ्यास रोग देत असतो. गोळ्या मुख्यतः या पिल्लांचा नाश करतात, आणि ही साखळी तुटण्यासाठी एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांना त्या वर्षानुवर्षे गिळाव्या लागतात.

आता हे शास्त्र दारात उभे राहिले म्हणजे काय होते ते पाहावे. 'मले काही झालं नाही, मंग गोळ्या कायले खाऊ?' हा पहिला सवाल. आणि ज्याने आयुष्यभर दुखल्यावाचून औषध घेतले नाही, त्याच्या दृष्टीने तो अगदी तर्कशुद्ध असतो. दुसरे उत्तर अधिक सौजन्याचे: 'ताई, जेवाचं आहे अजून, ठेऊन द्या, मंग घेतो.' डीईसी उपाशीपोटी घ्यायची नसल्यामुळे घरोघरी गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंना हे उत्तर खोडून काढता येत नाही. आपल्यासमोर गोळी गिळवून घ्यावी हा हुकूम ठाऊक असूनही, उरलेली घरे डोळ्यांपुढे येऊन त्या पुडी ठेवतात, नोंदवहीत खूण होते, आणि गोळ्या देवळीतल्या कंगव्याशेजारी तशाच पडून राहतात.

तिसरी अडचण सर्वांत विलक्षण. ज्याच्या रक्तात जंतू असतात, त्याला ते मरू लागताच ताप, डोकेदुखी, मळमळ असा त्रास होऊ शकतो. म्हणजे बहुधा ज्याला औषधाची खरी गरज, त्यालाच ते बाधल्यासारखे वाटते. हा त्रास सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतो, परंतु 'गोळीनं माणूस पडला' ही वार्ता त्याच सायंकाळी गावभर होते आणि पुढच्या वर्षीच्या मोहिमेवर तिची छाया पडते. अंडवृद्धी झालेल्या पुरुषाची गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेने तो विकार दूर होण्यासारखा असूनही, दारी आलेल्या बाईसमोर त्याविषयी बोलावे कसे या संकोचात तो वर्षे काढतो. सुजलेला पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्यास वारंवार येणारा ताप आणि सूज यांना पुष्कळ आळा बसतो, ही साधी माहितीही लपवून ठेवलेल्या पायापर्यंत पोचत नाही.

या सर्वांस अडाणीपणा म्हणून निकालात काढणे आरोग्य खात्याला सोयीचे असेल, पण ते न्यायाचे नव्हे. जेवणे उरकल्यावर, पुरुषमंडळी शेतावरून परतल्यावर जाणे. ताप येऊ शकेल आणि तो का येतो, हे गोळी देण्याआधी सांगणे. पुरुषांशी बोलण्यास पुरुष आरोग्यसेवक पाठवणे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारी जाऊन 'कसं वाटतंय?' एवढे विचारणे, या गोष्टींना नवे औषध लागत नाही, मनुष्यबळ आणि सवड मात्र लागते. वाटलेल्या गोळ्यांचा आकडा दफ्तरी रुजू करून ही सवड वाचवता येते. रोग मात्र गिळलेल्या गोळ्याच मोजतो.