अटलांटिकांतील शांत हंगाम आणि आमचा पावसाळा

अमेरिकेच्या पूर्वेस अटलांटिक महासागरांत १ जून ते ३० नोव्हेंबर हा ‘हरिकेन’ नांवाच्या चक्रीवादळांचा हंगाम होय. सरासरीनें वर्षास ७ हरिकेन होतात. एखाद्या वर्षीं तीं तीन-चारच होतात, आणि तिकडील किनाऱ्यावरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. हजारों कोस दूरच्या त्या शांततेशीं आपल्या बाजरी-तुरीचा काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आमच्या शेतकरी बंधूंनीं नीट समजून घेण्याजोगा आहे.

हरिकेन तयार होण्यास समुद्राचें पाणी सुमारें २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून ऊन असावें लागतें, हवा दमट असावी लागते, आणि वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाहीं. वरचा वारा एका दिशेस व खालचा दुसऱ्या दिशेस जोरानें वाहूं लागला, कीं ढगांचा उभा मनोरा कलतो व वादळ बाल्यावस्थेंतच विरतें. उफणणीच्या वेळीं वारा फिरूं लागला म्हणजे रास एके ठिकाणीं पडत नाहीं, तसाच हा प्रकार.

आतां असे वारे कां सुटतात? पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागांत, पेरू देशाच्या बाजूस, कांहीं वर्षीं पाणी नेहमींपेक्षां अधिक तापतें. यास ‘एल निनो’ म्हणतात. त्यामुळें कॅरिबियन समुद्रावर वरच्या थरांतील पश्चिमेचे वारे बळावतात. हा संबंध विल्यम ग्रे यांनीं १९८४ सालीं दाखवून दिला. त्याच वेळीं आपल्याकडे हवेचा वर चढण्याचा जोर घटतो, आणि मोसमी पावसानें ओढ देण्याचा संभव वाढतो. पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील हवेच्या दाबाचा झोका सर गिल्बर्ट वॉकर यांनीं ओळखला, तो हिंदुस्थानच्या पावसाचें भाकीत करण्याच्या खटपटींतच; १९०४ ते १९२४ पर्यंत ते येथील वेधशाळांचे प्रमुख होते.

२००९ सालीं अटलांटिकांत अवघीं ३ हरिकेन झालीं. त्या वर्षीं देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या शेंकडा ७८ इतकाच पडला. २०१५ सालीं ४ हरिकेन झालीं व पाऊस शेंकडा ८६ पडला. पुढील उन्हाळ्यांत लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.

परंतु यावरून पक्का नियम बांधूं नये. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ होता व अटलांटिक शांत होता, तरी आपला पाऊस सरासरीस पोहोंचला. हिंदी महासागराच्या पश्चिम भागांतील पाणी त्या वर्षीं तापलें होतें, हें त्याचें एक कारण मानतात. शिवाय शांत हंगाम म्हणजे निर्धास्त हंगाम नव्हे. १९९२ सालीं वादळें थोडीं झालीं, पण त्यांतील ‘अँड्र्यू’ या एकाच हरिकेननें फ्लोरिडाचा दक्षिण भाग उद्ध्वस्त केला. आपल्याकडेही २०२३ सालीं पाऊस शेंकडा ९४ भरला, पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ऐन वाढींत पिकें तहानलीं, त्यांस हंगामाच्या बेरजेचा काय उपयोग?

म्हणून आमची सूचना अशी कीं, हवामान खात्याचा एप्रिल व मेअखेरचा दीर्घ अंदाज बियाणें, खत व कर्ज यांचा बेत करण्यापुरता वाचावा. पेरणीचा दिवस मात्र आपल्या जिल्ह्याच्या पुढील चार-पांच दिवसांच्या अंदाजावर व आपल्या शेतांतील ओलीवर ठरवावा. मृगाच्या पहिल्या सरी पाहून उतावीळ होऊं नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल उतरल्यावांचून चाड्यावर मूठ धरूं नये. पेरणी जुलैच्या उत्तरार्धावर गेल्यास मूग-उडीद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावें. पिकांत उघडीप पडली, कीं कोळपणी करून भेगा बुजवाव्या. ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ हें जाणते शेतकरी सांगतात तें खरेंच आहे.

दूरच्या समुद्राची वार्ता आम्हांस सावध करील. पण ओल किती उतरली, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्याच मातींत हात घालून पाहावयाचें आहे.