अंधारात पाहणाऱ्या दोन दुर्बिणी

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा परिसरात धान कापणीला आले की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी रात्री जागल करावी लागते. बांधीत काहीतरी हलते. डुक्कर की माणूस? ‘रात्री दिसणारी दुर्बीण असती तर?’ असा प्रश्न विद्यार्थी आम्हांला विचारतात. उत्तर देण्यापूर्वी एक गल्लत दूर करू. अशी उपकरणे मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि त्यांची तत्त्वे अगदी वेगळी आहेत.

पहिला प्रकार प्रकाशवर्धक. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर सुमारे पाव लक्स प्रकाश असतो. अमावास्येला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हा अंधुक प्रकाश संवेदी पट्टीवर पडला की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. अतिसूक्ष्म नळ्यांच्या चकतीतून जाताना त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि पडद्यावर हिरवट चित्र उमटते. म्हणजे मुळात थोडा तरी प्रकाश हवाच. बंद गोदामात, बाहेरून प्रकाश न टाकल्यास, हे उपकरण आंधळे ठरते.

दुसरा प्रकार उष्णतादर्शक. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. त्वचेचे तापमान ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०५ केल्विन धरू. वीनच्या नियमानुसार २८९८ ला ३०५ ने भागले की ९.५ मायक्रोमीटर ही तरंगलांबी मिळते. डोळ्यांना दिसतो तो प्रकाश फक्त ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा! साधी काच हे किरण अडवते, म्हणून येथे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते.

या उपकरणाला चांदणे लागत नाही. लागतो तो तापमानातील फरक. कार्तिकातील गार रात्री प्राणी ठळक दिसतो. मात्र मे महिन्याच्या दुपारी, उन्हाळी धानाच्या वेळी, बांध आणि दगडही अंगाइतकेच तापतात आणि चित्र फिके पडते. मुसळधार पाऊस व दाट धुकेही हे किरण अडवतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ साली टी-१ वाघिणीच्या शोधात असे कॅमेरे लावलेली ड्रोन विमाने वापरली होती.

वर्गात एक प्रयोग करावा. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. बऱ्याच मोबाइलमध्ये तो चमकताना दिसतो, कारण त्याचे किरण सुमारे ०.९४ मायक्रोमीटरचे असतात. आता अंधारात गरम पाण्याचा पेला पाहावा. तो दिसत नाही. दोन्ही किरण अवरक्तच, पण तरंगलांबीत दहापट अंतर!

शेवटी महत्त्वाचे. गवताआडचे डुक्कर आणि ओणवा बसलेला माणूस, दोघेही दुरून पांढरे ठिपकेच दिसतात. दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. म्हणून जागलीवरचा माणूस आधी हाक देतो, तेच शहाणपणाचे.