गजर झालाच नाही!

आमच्या पलंगाशेजारच्या टेबलावर एक घड्याळ आहे. तळहाताएवढं, काळं, पाकिटासारखं मिटणारं. २००३ साली मी मास्टर्स करायला इंग्लंडला निघालो, तेव्हा बाबांनी ते लक्ष्मी रोडवरून आणून माझ्या बॅगेत टाकलं. "तिथे आई उठवायला येणार नाही," एवढंच म्हणाले. त्या बॅगेत लोणचं होतं, मेतकूट होतं, प्रेशर कुकर होता, दोन स्वेटर होते. त्यातलं आज काहीच उरलेलं नाही. घड्याळ मात्र अजून चालतंय.

आमची कन्या आता सतरा वर्षांची आहे. तिचा नेहमीचा प्रश्न, "बाबा, फोनमध्ये अलार्म असताना ही डबी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून मी तिला एक गोष्ट सांगतो, तीच आज तुम्हाला सांगतो.

जानेवारी २००८. मी बर्मिंगहॅमला नोकरीला होतो. सौ. बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी गेलेली, त्यामुळे घरी मी एकटाच. पुण्याहून आईचा फोन आला, बाबांचं बायपास ठरलंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचेन असं विमानाचं तिकीट मिळालं. मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला आत न्यायच्या आधी मी तिथे असेन." ते म्हणाले, "घाई करू नकोस, मी मजेत आहे."

निघायच्या रात्री बारापर्यंत पुण्याशी फोन चालू होता. मोबाईलची बॅटरी संपत आलेली आणि चार्जर बॅगेच्या तळाशी. म्हटलं, आहे की आपलं घड्याळ! पहाटे तीनचा गजर लावला आणि झोपलो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर उजाडत होतं. घड्याळात पावणेआठ वाजले होते. अगदी बरोबर पावणेआठ! काटे चालू, गजराचं बटण वर, गजराचा काटा तीनवर. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त गजर झाला नव्हता.

हीथ्रोची बस गेली, विमान गेलं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट दामदुप्पट पैसे मोजून काढलं. पुण्यात पोचलो तेव्हा बाबा आयसीयूत होते. ऑपरेशन छान झालं होतं, त्यानंतर ते अकरा वर्षं उत्तम जगले. पण आईने नंतर एकदा बोलता बोलता सांगितलं, "स्ट्रेचरवरून नेताना सारखे दाराकडे बघत होते." ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आत काय असतं?

परत आल्यावर पहिलं काम केलं ते मल्टिमीटर काढायचं. सेलचा दाब मोजला तर १.२ व्होल्ट भरला. घड्याळ चालायला तेवढा पुरला होता. मग गजर सुरू केला, तर आकडा धडाधड खाली आला आणि आवाज म्हणाल तर डास गुणगुणल्यासारखा. मी पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर! कपाळावर हात मारून घेतला.

या घड्याळाच्या आत क्वार्ट्झचा म्हणजे गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा विचित्र वाटतो ना? घरातल्या मुलांना हा आकडा पंधरा वेळा निम्मा करायला सांगा. उत्तर बरोबर १ येतं. आतली चिप हेच करते, आणि सेकंदाला मिळणाऱ्या त्या एका ठोक्यावर इवलीशी मोटर काटा पुढे ढकलते. स्फटिकाचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८१ साली दाखवून दिला. अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९२७ साली पहिलं क्वार्ट्झ घड्याळ झालं, आणि २५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये सेकोने ते मनगटावर आणलं. आज तेच तंत्र आपल्या डबीत बसलेलं आहे.

गंमत अशी की या सगळ्या उद्योगाला वीज नगण्य लागते. त्यामुळे एका पेन्सिल सेलवर घड्याळ वर्ष-दोन वर्षं सहज चालतं. पण गजराला आणि दिव्याला त्याच्या कितीतरी पट वीज लागते. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. थोडी वीज मागितली तर तो देतो, जास्त मागितली की मान टाकतो. म्हणजे काटे फिरतायत यावरून एवढंच कळतं की काटे फिरण्यापुरती वीज शिल्लक आहे. गजर होईल की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आमच्या लहानपणी घरी दोन कानांचं, ठणठणाट करणारं किल्लीचं घड्याळ होतं. बाबा रोज रात्री बातम्या झाल्या की त्याला दोन्ही किल्ल्या द्यायचे, एक चालायची आणि एक गजराची. त्या निमित्ताने घड्याळाला रोज हात लागायचा, कुरकुरलं तर लगेच कळायचं. सेलच्या घड्याळाने आपली किल्लीची कटकट वाचवली, आणि त्याबरोबर रोजची विचारपूसही बंद झाली. माझ्या घड्याळातला सेल मी शेवटचा कधी बदलला होता, ते मला त्या दिवशी आठवेना.

निगा कशी राखावी?

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. ज्यांच्याकडे असं घड्याळ आहे, त्यांनीही पाळून बघावेत.

सेल संपायची वाट पाहू नये, तारीख ठरवून बदलावा. आपल्याकडे ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, तो दिवस मी ठरवून टाकला आहे. दिवाळीही मागे-पुढे असतेच. बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवतो. जुना सेल फेकायचा नाही, टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायचा. तिथे दगा दिला तर फार तर एखादी मालिका चुकेल.

महत्त्वाच्या पहाटेच्या आदल्या रात्री गजर मिनिटभर वाजू द्यावा, आणि तो वाजत असतानाच दिव्याचं बटण दाबावं. आवाज बसला किंवा दिवा मिणमिणला, तर सेल तिथल्या तिथे बदलावा. घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण विमान चुकत नाही.

काट्यांच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सकाळी सहाचा गजर संध्याकाळी पाच वाजताच लावून ठेवलात, तर तो तासाभरात संध्याकाळीच वाजेल. म्हणून झोपतानाच लावावा. शिवाय गजराचा काटा मिनिटाचा हिशोब ठेवत नाही, पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे होतात. म्हणून हवा त्याच्या थोडा आधीचा लावावा. मागच्या चकतीवर बाण असेल तर काटा त्याच दिशेने फिरवावा, उलटा फिरवला की आतली चाकं दुखावतात. थंड खिडकीच्या कट्ट्यावरही घड्याळ ठेवू नये. स्फटिक पंचविसेक अंशाच्या उबेला जुळवलेला असतो, गारठ्यात तो महिन्याला वीसेक सेकंद मागे पडू शकतो.

प्रवासात बॅगेत टाकताना सेल आणि पत्री यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी सरकवावी. हे शहाणपणही ठेच लागूनच आलंय. एकदा कस्टमच्या रांगेत माझीच बॅग वाजायला लागली आणि माझ्यासकट सगळी रांग तिच्याकडे बघायला लागली! तेव्हापासून लग्नपत्रिकेच्या कागदाची एक पट्टी घड्याळाच्या पाकिटातच ठेवलेली असते.

महिनोन् महिने वापरायचं नसेल तर सेल काढूनच ठेवावा. उतरलेला सेल आतून फुटतो. अल्कलाईन सेलमधून पाझरणारा द्राव दाहक असतो आणि वाळला की पांढरी पूड धरते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला दोन थेंब लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ती पूड पुसावी, मग ओलसर काडीने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्यावं. हात डोळ्यांना लावू नये. माझ्या घड्याळाच्या दोन्ही पत्र्या मी एकदा अशाच वाचवल्या आहेत. आणि नातवंडं असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. काही छोट्या घड्याळांत बटण सेल असतो. तो लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झाकणाला स्क्रू असलेलंच घड्याळ घ्यावं, आणि शंका जरी आली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं.

उलटं घड्याळ

काट्यांच्या घड्याळाचा आपल्याला आणखी एक उपयोग आहे. हिवाळ्यात भारत आपल्यापुढे साडेपाच तास असतो. घड्याळ उलटं धरा, डोकं खाली पाय वर, की भारतातली वेळ दिसते. इथे सव्वानऊ वाजले असले तर उलट्या घड्याळात पावणेतीन दिसतात. तासकाटा किंचित पुढे वाटतो, तेव्हा मागचा तास धरायचा. उन्हाळ्यात अंतर साडेचार तासांचं होतं, म्हणून दिसेल त्यातून एक तास वजा करायचा. डिजिटल घड्याळाला ही कोलांटी जमत नाही.

बाबा २०१९ साली गेले. आई पुण्यात एकटी असते, तिला इथे करमत नाही. रोज सकाळी चहा ठेवला की मी घड्याळ उलटं करतो. तिची दुपारची झोप झाली असेल असं पाहून फोन लावतो. पूर्वी मी विचारायचो, "बरी आहेस ना?" आणि ती म्हणायची, "मजेत." बाबाही बायपासच्या आदल्या आठवड्यात मजेतच होते. आता मी विचारतो, "आज दोन जिने न थांबता चढलीस का? डाव्या पायाची सूज उतरली का? गोळी किती वाजता घेतलीस?" ती वैतागते. "अरे, किती उलटतपासणी घेशील?"

गेल्या महिन्यात मात्र ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू? दुसऱ्या जिन्यावर थांबावं लागतं हल्ली." दुसऱ्याच दिवशी मावसभावाला सांगून डॉक्टरांकडे नेलं. औषध बदललं, आता बरं आहे.

कन्येला ही सगळी गोष्ट सांगून झाली, तेव्हा तिने फोनवरून डोकं वर काढलं. म्हणाली, "बाबा, त्याचा सेल कधी बदललाय?" मी झाकण उघडून तारीख दाखवली.