हवेतली वाफ ओढणारं द्रावण

पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ वाफ ओढून विरघळायला लागतं. कॅल्शियम क्लोराईडला एवढा दमटपणा लागत नाही; 25 अंश सेल्सियसला साधारण 29 टक्के पुरतात. लिथियम क्लोराईडला तर 11 टक्केच पुरेसे होतात.

बंगळुरूच्या उरवू लॅब्सने या गुणावर पिण्याच्या पाण्याचा धंदा उभा केला आहे. स्वप्निल श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांचा हा उद्योग. हवेतून पाणी काढण्याच्या 2018च्या एक्सप्राइझ स्पर्धेत त्यांचा संघ शेवटच्या पाचांत होता. आता शहरातल्या हॉटेलांना ते हेच पाणी विकतात. त्यांच्या यंत्रात कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण हवेतली वाफ शोषतं, मग ते साधारण 60 अंशांपर्यंत तापवतात, आणि सुटलेली वाफ थंड केली की पाणी मिळतं.

सगळा खेळ बाष्पदाबाचा. 25 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचा दाब सुमारे 1.9 किलोपास्कल असतो. त्याच तापमानाला 40 टक्के कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणावर तो जेमतेम सव्वा असतो, म्हणून वाफ हवेतून द्रावणात शिरते. हेच द्रावण 60 अंशांवर नेलं की दाब आठच्या आसपास जातो आणि वाफ बाहेर पडते.

द्रावणावर चालणारे एसीही याच तत्त्वावर चालतात. नेहमीच्या एसीला हवा कोरडी करण्यासाठी ती दवबिंदूच्या खाली गार करावी लागते. द्रावण ती तेवढी न गारठवता कोरडी करतं. एसीत ओढलेली वाफ बाहेर सोडून देतात, उरवू ती धरून ठेवते. फरक एवढाच, पण त्याने यंत्राचा हेतूच पालटतो.

द्रावण मात्र नखरेल आहे. पाण्याच्या जवळपास 1.4 पट जड, आणि घट्टही. जास्त दाट केलं तर मीठ खाली बसतं: 40 टक्क्यांचं द्रावण 13 अंशांच्या आसपास स्फटिक धरू लागतं, आणि बंगळुरूची जानेवारीतली पहाट त्याच्या फार वर नसते. लोखंडाला ते गंज चढवतं. स्टेनलेस स्टीलवरही क्लोराईड खड्डे पाडतं. म्हणून प्लास्टिक किंवा टायटॅनियम लागतं. वाफ शोषताना द्रावण तापतं आणि तापलं की त्याची ओढ कमी होते, त्यामुळे ते सतत गार ठेवावं लागतं. लिथियम क्लोराईड कितीतरी जास्त कोरडं करतं, पण महाग. कॅल्शियम क्लोराईड सोडा अ‍ॅशच्या कारखान्यातला उपपदार्थ, त्यामुळे स्वस्त. संशोधक मॅन्युएल कोंडे यांनी 2004 साली या दोन्ही द्रावणांची मोजमापं समीकरणांत बांधून दिली. यंत्र आखणाऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे.

खरा खर्च उष्णतेचा. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान 0.65 युनिट उष्णता लागतेच, आणि वीज जाळून ती पुरवणं परवडत नाही. सौरऊर्जा, बायोमास किंवा कारखान्यातली वाया जाणारी उष्णता असेल तरच हिशोब बसतो. शिवाय मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी द्रावणाच्या हाती फारसं लागत नाही, आणि शहराची तहान नेमकी तेव्हाच वाढते. 2024च्या उन्हाळ्यात बंगळुरूतल्या हजारो कूपनलिका आटल्या होत्या. अशा वेळी शहराला मिळणाऱ्या कावेरीच्या पाण्याला पर्याय म्हणून या यंत्रांकडे पाहणं चूक ठरेल. पण ज्या कारखान्याच्या धुराड्यातून रोज गरम हवा उडून जाते, तिथे ती आजच बसवण्याजोगी आहेत.