‘नंतर’ आणि ‘मुळे’

विश्वकोश म्हटला की वाईहून निघणारे जाडजूड खंड डोळ्यांपुढे येतात. तिथे छापलेली ओळ वर्षानुवर्षे तशीच राहायची. विकिपीडियाचे तसे नाही. मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला आणि आज माझ्यासारखा डोंबिवलीकर रात्री जेवण आटोपून एखाद्या हयात व्यक्तीच्या चरित्रातला शब्द बदलू शकतो. सोय मोठी, जोखीमही तेवढीच. ज्याचे चरित्र, तो माणूस आणि त्याची मुलेबाळेही ते वाचत असतात.

सर्वांत अवघड चरित्र कुणाचे? उच्च न्यायालयासाठी नाव सुचवले गेले आणि पुढे गाडी अडली, अशा व्यक्तीचे. पुष्पा गनेडीवाला यांचेच पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा जन्म. २००७मध्ये थेट जिल्हा न्यायाधीश म्हणून नेमणूक. नंतर महाराष्ट्र न्यायिक अकादमीच्या सहसंचालक. ही अकादमी आपल्या ठाणे जिल्ह्यात, उत्तनला आहे. २०१९मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीश झाल्या. हे पद मुदतीचे असते, एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचे. पुढे कायम व्हायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमची शिफारस लागते.

आता तारखा बघा. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठात त्यांनी पोक्सो कायद्याखालचा तो निकाल दिला: कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेशी संबंध नाही, म्हणून या कायद्यातला लैंगिक अत्याचार नाही. २० जानेवारीला त्यांना कायम करण्याची शिफारस झाली. निकालावरून देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि कॉलेजियमने शिफारस मागे घेतली. नोव्हेंबर २०२१मध्ये तो निकालही रद्द झाला.

‘निकालानंतर शिफारस मागे घेतली’ की ‘निकालामुळे’? बोलताना आपण बेधडक ‘मुळे’ म्हणतो. कोशात ‘मुळे’ लिहायचे तर ते कारण कुणी सांगितले, हे दाखवावे लागते. वृत्तपत्रांनी सांगितले असेल, तर ‘वृत्तपत्रांच्या बातम्यांनुसार’ हे शब्द जोडावे लागतात. पण नुसते ‘नंतर’ही कधी कधी लबाड असते. शिफारसही निकालानंतरच झाली होती, एका दिवसाने! तारखा दिल्या नाहीत, तर निकालाबद्दल बक्षीस मिळाले असा वाचकाचा समज होईल. म्हणून मी तारखाच देतो.

लोकांच्या तोंडी आणखी एक शब्द असतो: ‘बडतर्फ’. तो साफ चुकीचा. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून काढायला संसदेचा ठराव लागतो. इथे एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये, मुदत संपण्याच्या तोंडावर, त्यांनी राजीनामा दिला.

तुम्ही म्हणाल, एवढी कीस काढायची कशाला? मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२मध्ये सुचवले. सरकारने ते फेरविचारासाठी परत पाठवले. जानेवारी २०२३मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवले आणि त्या नोव्हेंबरात ते न्यायाधीश झाले. मधल्या काळात ‘नियुक्ती नाकारली’ असे लिहिणारा तोंडघशीच पडला असता.

दुसरा प्रश्न मापाचा. एक निकाल म्हणजे सबंध आयुष्य नव्हे, आणि चौदा वर्षांची न्यायसेवा दोन ओळींत गुंडाळून निकालावर दहा परिच्छेद लिहिणे हा सूड झाला. पण निकाल वगळणे त्याहून वाईट. ज्या मुलीचा तो खटला होता, तिच्यासाठी तो वाद नव्हता, आयुष्य होते. मात्र तिची ओळख पटेल असा तपशील लिहायचा नाही. तो कायदाच आहे, आणि विकिपीडियावर लिहिणाऱ्यालाही तो लागू आहे.

जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गनेडीवाला यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे निवृत्तिवेतन मिळण्यास पात्र ठरवले. ती ओळ राजीनाम्याच्या ओळीखाली, तारखेसकट यायला हवी.